काचेची पेटी आली. शिकलेली सिस्टर कुठे आहे?

मागच्या पावसाळ्यात एक परिचारिका आमच्या कार्यालयात कारणे दाखवा नोटीस घेऊन आली. सरकारी रुग्णालयात नवजात बालकांचा जो विशेष काळजी कक्ष असतो, ज्याला कर्मचारी एसएनसीयू म्हणतात आणि आपल्या वस्तीतल्या बाया 'काचेच्या पेटीचा वॉर्ड' म्हणतात, तिथे ती कंत्राटी पदावर आहे. वय सव्वीस-सत्तावीस. वडील गवंडीकाम करतात, आई दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणीला जाते. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून तिने जीएनएमची तीन वर्षे काढली. वस्तीतली पहिली नर्स. निकाल लागला तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला होता आणि त्या सत्काराला आम्हीही भाषण ठोकून आलो होतो.

नोटिशीची भाषा नेहमीची. आपल्या रात्रपाळीत दाखल असलेल्या बालकाची प्रकृती खालावत असल्याची बाब वेळीच निदर्शनास का आली नाही, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा, अन्यथा आपणास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. बाळ पहाटे गेले होते. ते ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्याचे होते. म्हणजे नोटीस मिळालेली पोरगीही आपली आणि पेटीतले बाळही आपल्यासारख्याच माणसांचे. अशा वेळी वकिलाने कुणाचे वकीलपत्र घ्यायचे?

त्या रात्री बारा खाटांच्या कक्षात एकोणीस बाळे होती आणि परिचारिका दोन. ती सांगत होती, "दादा, बाळ रडायचं थांबलं म्हणून मला वाटलं झोपलं. अंग जरा गार लागलं, म्हणून वॉर्मर वाढवला. श्वास मोजला तर जास्त होता, पण तिथं सगळ्यांचाच जास्त असतो. डॉक्टरांना दोनदा फोन केला, रजिस्टरला वेळ लिहिली आहे. पण ते बाळ बुडत चाललंय हे मला कळलं नाही. जे मला कुणी शिकवलंच नाही, ते मला दिसलं का नाही, याचा खुलासा कसा लिहायचा?"

खुलासा आम्ही लिहून दिला. किती बाळे होती, किती हात होते, किती दिवसांचे प्रशिक्षण झाले होते, फोन किती वाजता केला, सगळे त्यात आले. रजिस्टरमधल्या दोन ओळींनी तिची नोकरी तूर्त वाचवली. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या खुलाशात नव्हते. ते शोधत आम्ही गेले काही महिने परिचर्या शिक्षणाची कागदपत्रे, अभ्यासक्रम आणि जुने निकाल चाळत बसलो.

आम्ही डॉक्टर नाही. पण खटल्याच्या निमित्ताने वाचावे लागले आणि वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, गंभीर आजारी मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम ऐंशी ते नव्वद मिलिलिटर. आपल्या टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढे. त्यातून तपासण्यांसाठी दहा मिलिलिटर काढले, तर अंगातले दहावा हिस्सा रक्त गेले. मोठ्या माणसाला औषधाची एक गोळी, अर्धी गोळी चालते. बाळाला प्रत्येक औषध वजनाप्रमाणे मोजावे लागते, आणि दशांश चिन्ह एका घराने सरकले की मात्रा दहापट होते. हा हिशेब रात्री तीन वाजता, मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली, एका बाळाचे सलाइन बघता बघता परिचारिकाच करते.

त्याहून अवघड गोष्ट आहे ती नजरेची. मोठा माणूस अत्यवस्थ झाला की त्याचा रक्तदाब घसरतो आणि यंत्र आरडाओरडा करते. मुलाचे तसे नाही. मुलाचे शरीर शेवटपर्यंत रक्तदाब धरून ठेवते आणि जेव्हा तो घसरतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्याआधीच्या खुणा बारीक असतात. नाडी वेगाने चालते. हातपाय गार पडतात. छातीवर बोट दाबून सोडले तर पांढरा पडलेला ठिपका पुन्हा लाल व्हायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. लघवी कमी होते. आणि नवजात बाळ तर अनेकदा फक्त गप्प होते, दूध ओढेनासे होते. गप्प झालेले बाळ झोपले आहे की संपत चालले आहे, हा फरक ओळखणे हीच या शास्त्रातली खरी विद्या. डॉक्टर फेरीला येतो आणि जातो. आठ-बारा तास बाळाशेजारी उभी असते ती सिस्टर. तिने ओळखले तर ओळखले.

ही विद्या नसली तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटल्याच्या निकालात लिहून ठेवले आहे. डिसेंबर १९९३ मध्ये दिल्लीच्या त्या खासगी रुग्णालयात एका लहान मुलाला विषमज्वर म्हणून दाखल केले होते. परिचारिकेने वडिलांना एक इंजेक्शन आणायला सांगितले आणि ते थेट शिरेतून टोचले. मूल आईच्या मांडीवर कोसळले. हृदय थांबले, पुन्हा चालू केले, पण तोवर मेंदूची कायमची हानी झाली होती. चौकशीत निघाले काय, तर ती 'परिचारिका' पात्रताधारक नव्हतीच. कोणत्याही राज्याच्या परिचर्या परिषदेत तिची नोंद नव्हती! मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या मानसिक यातनांबद्दल पाच लाख रुपयांची भरपाई कायम झाली. ग्राहक कायद्याचे वर्ग घेताना आम्ही हा निकाल पालकांच्या हक्कासाठी शिकवतो. आज तो आम्हाला दुसऱ्या बाजूने वाचावासा वाटतो. न्यायालयाने जबाबदारी रुग्णालयावर टाकली, कारण अपात्र माणसाला मुलाच्या खाटेशी उभे करण्याचा निर्णय रुग्णालयाचा होता. मग ज्या परिचारिकेची नोंदणी आहे, पण ज्या कामावर तिला उभे केले त्याचे शिक्षण नाही, तिच्या बाबतीत जबाबदारी कुणाची?

दुसरा निकाल १ जुलै २०१५ चा, व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तमिळनाडू राज्य. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची एक मुलगी जन्मली, वजन सव्वा किलो. तिला पेटीत ठेवले, प्राणवायू दिला, ती जगली, घरी गेली. परंतु अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला जो विकार होतो, त्याची तपासणी ठरलेल्या आठवड्यांत करायला कुणी सांगितले नाही आणि ती कायमची आंधळी झाली. भरपाई सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये. प्राणवायू हे औषध आहे, ते कमी पडले तर बाळ जाते आणि जास्त झाले तर डोळे जाऊ शकतात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे प्राणवायूचे प्रमाण नव्वद ते पंच्याण्णव टक्क्यांच्या पट्ट्यात राखावे लागते. ते राखण्यासाठी नळीची चावी दर काही मिनिटांनी कोण फिरवते? घरी जाताना आईला "चौथ्या आठवड्यात डोळे दाखवायला या" असे तिच्या भाषेत समजेल असे कोण सांगते? निकालात डॉक्टरांची आणि शासनाची चर्चा आहे. पण खाटेशी ही दोन्ही कामे सिस्टरच करते.

आता शिक्षणाकडे येऊ. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगमध्ये बालपरिचर्या हा विषय असतो, काही आठवड्यांची बालविभागातली ड्युटी असते. त्याच्यापुढे भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेला नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी.नंतर बालआरोग्य परिचर्या या विषयात दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. आणि गेल्या दशकात परिषदेने एक मोठे पाऊल टाकले: अतिदक्षतेतील 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम. वर्गात कमी आणि अतिदक्षता कक्षात जास्त शिकायचे, रुग्णाची तपासणी, निदानाचा अंदाज, ठरलेल्या नियमांत राहून उपचारात बदल, हे सारे परिचारिकेने करायचे, असा त्याचा आराखडा. वाचताना आम्हाला आनंद झाला. पण त्या अभ्यासक्रमाच्या हेतूतच लिहिले आहे की, हे शिक्षण गंभीर आजारी 'प्रौढांची' प्रगत परिचर्या करण्यासाठी आहे. प्रौढांची! वकिलाची नजर एका शब्दावर अडकते, ती इथे अडकली. ज्या देशात अतिदक्षतेची सर्वाधिक निकड पहिल्या अठ्ठावीस दिवसांत लागते, तिथे ही पदवी आखताना मूल बाजूला राहिले.

निकड अठ्ठावीस दिवसांत असते हे आम्ही उगाच म्हणत नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे सोळा बाळे वर्षाच्या आत दगावली. त्यातली अकरा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेली. लसीकरण, पोषण, अंगणवाडी या वाटांनी जेवढे वाचवता येते तेवढे वाचवण्यात आपले राज्य पुष्कळ पुढे आले आहे. मात्र जी मोठी संख्या उरली, ती बरीचशी पेटीशेजारी ठरते.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने १९६५ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला, तो मुलांसाठीच होता. मोठ्या माणसांचे नंतर आले. तिकडे २००५ पासून तीव्र आजारी मुलांच्या परिचर्येसाठी वेगळी प्रमाणपत्र परीक्षाही सुरू झाली. आम्ही अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेचे भाट नाही, तिथे गरिबाचे काय होते ते जगाला ठाऊक आहे. पण सुरुवात कुठून करायची हे त्या दोघांना बरोबर कळले होते. डॉक्टर जिथे पोचत नाही, तिथल्या मुलांपासून!

आपल्याकडे सुरुवात यंत्रापासून होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने २३ हजार १२३ कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि देशातल्या सर्व ७३६ जिल्ह्यांत बालरुग्ण विभाग उभारण्याचे ठरले. खाटा, व्हेंटिलेटर, मॉनिटर, प्राणवायूच्या टाक्या. फिती कापल्या, फोटो छापून आले. त्या खाटांशी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेला किती शिकवायचे ठरले? नवजात कक्षापुरते पाहिले तर ठरलेला कार्यक्रम आहे चार दिवस वर्गात आणि चौदा दिवस मोठ्या रुग्णालयात निरीक्षण. एकूण अठरा दिवस! आमच्या पक्षकार ताईचे चार झाले होते, चौदा बाकी होते, कारण तिला सोडले तर वॉर्डात उभे कोण राहणार, असे वरिष्ठांचे म्हणणे. व्हेंटिलेटरवरच्या बाळामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका हवी हे सर्वमान्य प्रमाण आहे. तिच्याकडे त्या रात्री नऊ की दहा बाळे होती, हे तिलाही नक्की आठवत नव्हते.

आणि मग आग लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. चौकशी झाली, काही अधिकारी निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली आणि फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्या गुन्ह्याच्या गुणदोषात आम्ही इथे जात नाही. कर्तव्यात कसूर असेल तर शिक्षा व्हावी, परिचारिका आपल्या समाजातली आहे म्हणून तिला माफी मागणारे आम्ही नाही. त्या दहा आयांसमोर आम्हाला तोंड दाखवता आले पाहिजे. पण उतरंडीच्या तळाला जी असते तिच्यावरच आधी हात पडतो, हे आमच्या वकिलीतले रोजचे दृश्य आहे. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांची टंचाई, डॉक्टरांच्या रिक्त जागा यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. बाळांशेजारी कोण होते आणि तिचे शिक्षण किती होते, यावर आम्ही एकही अग्रलेख वाचला नाही. आमच्या चळवळीच्या पत्रांतही नाही, हे कबूल केले पाहिजे.

का नाही? कारण नर्सचे काम हे 'काम' आहे, 'विद्या' नाही, अशी समजूत आपल्याही डोक्यात आहे. ती आली कुठून? गावगाड्यात बाळंतपण करणारी, नाळ कापणारी सुईण बहुतेकदा मांगवाड्यातली किंवा महारवाड्यातली असे. जन्माच्या वेळचे रक्त, वार, घाण तिने हाताळायची. बाळ-बाळंतीण वाचवण्याचे तिचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे, पण ते ज्ञान मानले गेले नाही. विटाळाचे काम मानले गेले आणि बारा दिवसांनी तिची सावलीही नकोशी झाली. आधुनिक रुग्णालये आली तेव्हा उच्चवर्णीय घरांनी आपल्या लेकी परिचर्येत पाठवल्या नाहीत. ख्रिस्ती झालेल्या मुली गेल्या, मग केरळच्या गेल्या, मग आपल्या गेल्या. पांढरा गणवेश चढला तरी जुनी नजर पुरती गेली नाही. डॉक्टर 'सर' झाला, सिस्टर मात्र 'ए सिस्टर' राहिली.

आणि आपल्या समाजाला या कामाची ओळख काय कमी आहे? १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीमाई यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्याच आजाराने १० मार्चला त्या गेल्या. दरवर्षी आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो, शिक्षिका म्हणून. अत्यवस्थ मुलाला उचलणारी ती बाई परिचारिकाही होती, हे भाषणात येत नाही. बाबासाहेब आणि रमाई यांनी पाचपैकी चार लेकरे गमावली: गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ मध्ये राजरत्न. जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या बापाच्या घरी हे घडले. तेव्हा व्हेंटिलेटर नव्हते, प्रतिजैविके नव्हती. आज आहेत. तरीही ऊसतोडवाल्याच्या घरी तेच घडते.

आमच्या वस्तीतले शिकलेले तरुण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात. बसावे. वकील, प्राध्यापक, इंजिनिअर होतात. व्हावे. पण मुलीने नर्सिंग घेतले तर आईबाप म्हणतात, "चला, लवकर नोकरी लागेल." लागतेही. आणि ती तिथेच थांबते. जीएनएमच्या पुढे एम.एस्सी. करून प्राध्यापिका झालेली, अतिदक्षतेतली तज्ज्ञ झालेली, परिचर्या परिषदेच्या समितीवर जाऊन अभ्यासक्रम ठरवणारी आपली मुलगी किती जणांनी पाहिली आहे? 'प्रौढ' हा शब्द ज्या बैठकीत लिहिला गेला, त्या बैठकीत भंडाऱ्याच्या किंवा मेळघाटाच्या नवजात कक्षात रात्रपाळी केलेली कुणी होती का?

ती तिथे पोचत नाही, यामागे गणित आहे, ते जरा मांडतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. आता एका परिचारिकेला दरमहा वीस हजार मिळतात असे धरा. वर्षाचे झाले दोन लाख चाळीस हजार. नवरा रिक्षा चालवून महिन्याला हजार रुपये जरी घरात आणत असला, तरी मर्यादा ओलांडली! मर्यादेवर गेलेल्यांना आपल्या राज्यात फ्रीशिप मिळते, म्हणजे शिकवणी आणि परीक्षा शुल्क माफ. पण निर्वाह भत्ता नाही. इकडे पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडावी लागते किंवा बिनपगारी रजा घ्यावी लागते, आणि कंत्राटी माणसाला अशी रजा कोण देतो? म्हणजे शुल्क माफ, पण दोन वर्षे चूल बंद. कागदावर दार उघडे आहे, उंबरा मात्र कमरेएवढा. समाजकल्याणच्या कार्यालयात आम्ही हे गणित समजावून सांगितले तेव्हा तिथला बाबू म्हणाला, "साहेब, नोकरी करणारी बाई पुन्हा शिकणार, हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच नसेल." खरे बोलला बिचारा.

वीस हजारांचा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली: पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही वेतन वीस हजारांच्या खाली नको, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी वेतनाएवढेच हवे. केंद्राने राज्यांना ते कळवले. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, बालरोगतज्ज्ञांच्या छोट्या रुग्णालयांत आठ-नऊ हजारांवर रात्रपाळी करणाऱ्या मुली आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. त्यांतल्या काहींचे तर नर्सिंगचे शिक्षणच नाही, सहा महिन्यांचा कुठला तरी कोर्स. स्प्रिंग मेडोजचा निकाल लागून पाव शतक उलटले.

सरकारी रुग्णालयात आणखी एक रोग आहे, बदलीचा. आमच्या पक्षकार ताईच्या वॉर्डात एक ज्येष्ठ परिसेविका होत्या, नवजात परिचर्येची एक वर्षाची पदविका केलेल्या. नव्या मुलींना त्याच शिकवायच्या. बाळाच्या पोटरीला हात लावून "हे गार आहे, डॉक्टरांना उठव" असे सांगणाऱ्या. एका फिरत्या आदेशात त्यांची नेत्रविभागात बदली झाली. कारण काय, तर सगळ्यांना सगळीकडे फिरवायचे असते. हृदयाच्या शल्यविशारदाला तीन महिने त्वचारोग विभागात बसवतात का? मग परिचारिकेची वर्षभराची विद्या एका शिक्क्याने पुसून टाकण्याचा अधिकार कुणी दिला? त्या बाई होत्या तेव्हा, ताई म्हणते, रात्री भीती वाटायची नाही.

आमच्या कामाच्या टेबलावर संविधान असते. त्यात कलम ४६ आणि ४७ ही शेजारी-शेजारी आहेत. ४६ सांगते की अनुसूचित जाती, जमाती आणि दुर्बल घटकांचे शैक्षणिक व आर्थिक हितसंबंध राज्याने विशेष काळजीपूर्वक जपावेत. ४७ सांगते की सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे. वकिली करताना इतकी वर्षे ही कलमे आम्ही वेगवेगळ्या खटल्यांत वापरली. एक शिष्यवृत्तीच्या दाव्यात, दुसरे पाण्याच्या. गवंड्याची मुलगी नवजात अतिदक्षतेची तज्ज्ञ झाली आणि तिने ऊसतोडवालीचे बाळ वाचवले, तर ही दोन्ही कलमे एकाच रात्री पाळली जातात. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वेळेवर तातडीचा उपचार न मिळणे हा कलम २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. तो खटला खाट न मिळाल्याचा होता. खाट मिळाली, पेटी मिळाली, पण शेजारी जाणती परिचारिका मिळाली नाही, तर उपचार मिळाला असे म्हणायचे का? हा मुद्दा उच्च न्यायालयात मांडण्याची वेळ आली आहे असे आमचे मत आहे, आणि तरुण वकील मित्रांनी त्यावर टाचणे काढायला घ्यावीत.

न्यायालयाच्या बाहेरही करण्यासारखे आहे. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. या आयोगाकडे आपल्या परिचारिका संघटनांनी एकच निवेदन नीट द्यावे: नर्स प्रॅक्टिशनरची बालकांसाठीची शाखा काढा, ती शहरातल्या पंचतारांकित रुग्णालयांत नव्हे तर जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत काढा, सेवेतल्या परिचारिकांना पगारी रजेवर पाठवा आणि शिकून आल्यावर त्याच कक्षात ठेवा. कंत्राटी परिचारिकांना त्यात आरक्षणासह जागा हव्यात, कारण नवजात कक्षांतल्या रात्री त्याच काढतात. शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा सेवांतर्गत शिक्षणासाठी वेगळी धरावी, ही मागणी समाजकल्याण खात्याकडे. आणि आपल्या जयंती मंडळांना एक विनंती: डीजेवर जेवढा खर्च होतो, त्याच्या अर्ध्या पैशात एका मुलीची वर्षभराची खानावळ आणि खोलीभाडे निघते. आम्ही आमच्या मंडळाच्या बैठकीत हे बोललो तेव्हा दोघे उठून गेले. तिघांनी मात्र वर्गणीचे पावतीपुस्तक मागितले.

आमची ताई आता नवजात परिचर्येच्या पदविकेचा अर्ज भरते आहे. ती नोकरी सोडायला तयार नाही, आणि तिने सोडू नये असेच आमचेही मत आहे. अर्जासोबत रुग्णालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यासाठीचे तिचे पत्र आवक-जावकला दोन महिने पडून आहे. विचारले की "मॅडम सहीला गेल्या आहेत" एवढेच उत्तर मिळते. मागच्या सोमवारी आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: गेल्या पाच वर्षांत या रुग्णालयातील किती परिचारिकांनी उच्च शिक्षणासाठी ना-हरकत मागितली, किती जणींना दिली, आणि नवजात कक्षातील किती परिचारिकांचे अठरा दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण झाले आहे. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे.